जीपची खांदमळणी

पारुबाईला गाडी चालवता येत नव्हती. स्टिअरिंगला तिचा हात लागला असेल तर तो फडक्यानं पुसताना. पायाखालच्या तीन दांड्यांपैकी कोणती कशाची, हेही तिला कधी नीट सांगता आलं नाही. तरीसुद्धा गोरेगावच्या स्टँडवर ती निळी जीप उभी राहिली की लोक म्हणत, "चला, पारुबाईची जीप लागली." मालक, चालक आणि धुणारा-पुसणारा प्रेमसिंग शेजारीच उभा असायचा. त्याला या बोलण्याचा राग यायला हवा होता, पण येत नसे. तो का येत नसे तेच सांगायचं आहे, पण त्यासाठी गुरांच्या घंटांपासून सुरुवात करावी लागेल.

पारुबाई साखऱ्याकडच्या तांड्यावरची. तिचा बाप रतनसिंग. त्याच्या आज्या-पणज्यांनी बैलांच्या पाठीवर मिठाच्या, धान्याच्या गोण्या लादून मुलुखच्या मुलुख पालथे घातले होते. पुढं रस्ते झाले, मोटारी आल्या, बैलांच्या पाठी मोकळ्या झाल्या आणि तांडा एका माळावर कायमचा बसला. रतनसिंगाच्या वाट्याला आली थोडी कोरडवाहू जमीन आणि थोडी गुरं. पारू चालायला लागली तशी गुरांमागं जायला लागली, आणि बापानं तिला एकच विद्या दिली. म्हणाला, पोरी, झुडपात जनावर दिसत नसतं, उगाच डोळे फोडू नको. झाडाखाली बस आणि कान लाव. प्रत्येक जनावराच्या गळ्यात वेगळी घंटा, कुणाला लाकडी, कुणाला पितळी, एका भाकड गाईला तर चिरलेली, ठणठणण्याऐवजी खोकणारी.

"वाजून राहिली ती हाये," रतनसिंग म्हणायचा. "वाजंना ती गेली. तिच्या मागं पळ."

पारू दिवसभर ते ऐकत बसायची. तिला वाजणाऱ्या घंटांचं काही वाटायचं नाही. पण एखादी थांबली की पारू दचकून उठायची. शेजारच्या बायका बोलत असल्या, वारं सुटलेलं असलं, तरी तिला कळायचं. तांड्यावर याचं कुणाला फार कौतुक नव्हतं. पोरीनं गुरं हरवली नाहीत एवढंच लोकांच्या लेखी होतं.

लग्न होऊन ती गोरेगावजवळच्या तांड्यावर हिरासिंगाच्या घरी सून म्हणून आली. नवरा प्रेमसिंग ट्रकवर ड्रायव्हर. माणूस कामसू, अंगानं धिप्पाड, आणि बोलण्यात अगदी कंजूष. बायकोनं केलेली भाकरी चांगली झाली की तो दुसरी मागायचा, हीच त्याची तारीफ. पारुबाईनं सुरुवातीला एकदा विचारलं होतं, "चांगली झाली म्हणायला तोंड दुखतं का?" तर तो म्हणाला, "दुसरी मागितली नं?" त्यानंतर तिनं हा विषय सोडून दिला. रणजीत झाला, मोठ्या शाळेत जायला लागला, आणि ट्रकवरच्या नोकरीला कंटाळून प्रेमसिंगानं एक दिवस स्वतःची गाडी आणली.

गाडी म्हणजे ती जीप. परभणीला कुठल्याशा कचेरीच्या लिलावात निघालेली. ब्याण्णव-त्र्याण्णवचा सुमार. कचेरीच्या मागं ती इतके दिवस उभी होती की मागच्या सीटवर कोंबडीनं अंडी उबवली होती. पारुबाईनं ओवाळायला ताट आणलं आणि आत पिसं बघून म्हणाली, "ही गाडी हाये का खुराडा?" किलोमीटरचा काटा तर कधीचा मेलेला. जीप किती चालली हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

ठाऊक असण्यासारखा एकच माणूस होता, तो म्हणजे अमृतराव. गोरेगावात रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये त्याचं गॅरेज. तो आधी विहिरीवरची इंजिनं दुरुस्त करायचा, मग ट्रॅक्टर, मग जे चाकावर चालतं ते सगळं. त्याची बायको पद्माबाई शेडच्या मागंच राहायची आणि गिऱ्हाईक आलं की न विचारता चहा टाकायची. अमृतरावनं जीपच्या खाली झोपून, वर चढून, सगळीकडून हात फिरवला आणि काळे हात पुसत म्हणाला,

"प्रेमसिंगभाऊ, काटा दोनदा फिरून परत शून्यावर आला असंल. लई चालली. पन खोडसाळ न्हाई. हिला दोन गोष्टी लागतात. येळच्या येळी तेलपानी, आन् धन्याचा कान. जुनी गाडी मोडायच्या आधी बराबर सांगती, पन हळू सांगती. आयकलं त आयुष्यभर चालंल."

प्रेमसिंगानं हे बोलणं गाठीला बांधलं. बापाच्या घरी बैल सांभाळले होते, तेच शास्त्र त्यानं जीपला लावलं. सकाळी इंजिन सुरू केलं की लगेच पळवायचं नाही. उठल्या उठल्या बैलाला कुणी पळवतं का? घटकाभर तसंच गुरगुरू द्यायचं. लांबून आल्यावर लगेच बंद करायचं नाही, धाप कमी होऊ द्यायची. डिझेल फडक्यातून गाळल्याशिवाय टाकीत जायचं नाही. इंजिनाचं तेल ठरल्या वेळी बदलायचं, आणि काढलेलं काळं तेल फेकायचं नाही, दाराच्या बिजागऱ्यांना, नांगराच्या फाळाला, सगळ्यांना थोडं थोडं. माणसं भरतानाही तेच. बाकीच्या जीपवाल्यांच्या मागं पाच-सहाजण लोंबकळत असायचे. प्रेमसिंग मात्र सीट भरली की दार लावायचा. "बैल किती ओढतो ते नसतं बघायचं, किती ओढल्यावर दुसऱ्या दिवशी उठतो ते बघायचं असतं," असं म्हणून तो उभ्या गिऱ्हाइकाला खाली ठेवून जायचा. लोक शिव्या द्यायचे आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच जीपमध्ये बसायचे, कारण ती पोहोचायची.

आणि पोळा. पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत, तसं त्या दिवशी जीपही रस्त्यावर जात नसे, मग कुणी कितीही विनवू दे. आदल्या संध्याकाळी खांदमळणी. घरोघर बैलांचे खांदे लोण्यानं आणि हळदीनं मळायचे, वर्षभर जिथं जू घासलं तिथं बोटं दाबून दाबून, आणि कानाशी जाऊन सांगायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." प्रेमसिंग आधी बैलांचे खांदे मळायचा, मग ग्रीसगन घेऊन जीपच्या खाली शिरायचा. जिथं जिथं लोखंडावर लोखंड घासतं तिथं ताजं ग्रीस भरायचा. पारुबाई वरून कंदील धरायची आणि शेवटी बॉनेटला हळदीचं बोट लावून तेच आवतण द्यायची. दुसऱ्या दिवशी बैलांबरोबर जीपलाही ओढ्यावर आंघोळ, झूल, बेगडं आणि पुरणपोळी. पोळी अर्थातच रणजीत खायचा. तांड्यावरचे लोक हसायचे, पण जीप ओढ्यात उतरली की ढकलायला तेच यायचे.

मागच्या डाव्या चाकाचा ब्रेक मात्र वाजायचा. दाबला की 'चीं' असा लांब आवाज. अमृतरावनं घासून पाहिलं, बदलून पाहिलं, पण आवाज जाईना. "धोका काही न्हाई, खोड हाये," असं म्हणून त्यानं नाद सोडला. प्रवासी कानात बोटं घालायचे. पुसेगावची एक म्हातारी तर म्हणायची, हिला माझ्या सुनेचं नाव ठेवा. पारुबाईला त्या आवाजाची इतकी सवय झाली की घरात चुलीपुढं बसल्या बसल्या दूर वळणावरचा 'चीं' आला की ती तव्यावर भाकरी टाकायची.

अशी नऊ-दहा वर्षं गेली. हिंगोली जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या, जाणारी-येणारी माणसं वाढली. रणजीत शिकून संभाजीनगरकडच्या कारखान्यात लागला. जीपच्या सीटांची कापडं दोनदा बदलली, इंजिन एकदा उघडून पुन्हा बांधलं, पण घर तिनंच चालवलं, रणजीतचं शिक्षण तिनंच केलं. पारुबाई तिच्याकडं बघायची आणि तिला मनातून भरून यायचं.

मग एका सकाळी अंगणात तोंड धुताना प्रेमसिंग म्हणाला, "यंदा चिमण्या कुठं गेल्या गं?"

पारुबाईनं वर पाहिलं. त्याच्या डोक्यावरच्या वळचणीत चिमण्यांचं भांडण इतकं पेटलं होतं की काड्या खाली पडत होत्या. तिच्या काळजात धस्स झालं. नंतर तिनं पाहिलं, की तो रोज सकाळी आतला आवाज ऐकायला इंजिनाला लांब पेचकस लावून त्याची मूठ कानाशी धरतो, पण चेहरा कोरा असतो. आधी त्या चेहऱ्यावर काहीतरी उमटायचं.

कानात मळ असेल म्हणून तिनं त्याला हिंगोलीला डॉक्टरकडं नेलं. तो आत गेला, ती बाहेर बाकावर बसली. डॉक्टर कमी ऐकणाऱ्या माणसाशी बोलावं तसे मोठ्यानं बोलले, त्यामुळं बाकावरच्या सगळ्या दुनियेला कळलं. मोठे आवाज येत राहतील, हॉर्न येईल, माणसांचं बोलणं येईल. बारीक आवाज गेले. वर्षानुवर्षं डिझेल इंजिनाशेजारी बसून कान झिजलेत. ते आता परत यायचे नाहीत.

प्रेमसिंग बाहेर आला आणि म्हणाला, "मळ हाये म्हणला. थेंब दिले."

"बरं झालं," पारुबाई म्हणाली.

त्यानं तिच्याशी खोटं बोलावं याचं तिला वाईट वाटलं, पण कारण कळत होतं. रणजीत दर सुट्टीत म्हणत होता, बाबा, ही मोडीत घाला, आता घरी बसा. कान गेल्याचं त्याला कळलं असतं तर त्यानं दुसऱ्याच दिवशी भंगारवाला आणला असता. आणि जीपशिवाय प्रेमसिंग म्हणजे नुसता ओट्यावर बसलेला एक धिप्पाड म्हातारा. ते चित्र पारुबाईच्या डोळ्यांपुढं आलं आणि तिला ते बघवेना. पण जुनी गाडी हळू सांगते, आणि ते हळू सांगणं आता ऐकणार कोण? आत माणसं बसतात, लेकरं बसतात. तिनं ठरवलं की आपण ऐकायचं आणि त्याला कळू द्यायचं नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती टोपलीत दोडकी-कारली घेऊन पुढच्या सीटवर बसायला लागली. म्हणे सेनगावला भाजी विकते. भाजी विकण्याकडं तिचं लक्ष कुठं होतं? टोपली बऱ्याचदा भरलेलीच परत यायची आणि रात्री घरात पुन्हा दोडकंच. पण ती कान लावून बसायची. इंजिनाचा, पट्ट्याचा, स्प्रिंगच्या पाट्यांचा, दाराचा, एकेका आवाजाची तिनं ओळख करून घेतली. माहेरच्या गुरांपेक्षा हे सोपं होतं, निदान ही चरायला जात नव्हती. आणि काही वेगळं वाजलं की ती पदर तोंडाला लावून म्हणायची, "आवो, मला मळमळून राहिलं. जरा थांबवा."

तो थांबवायचा. ती खाली उतरून खोटं खोटं खोकायची आणि जिथून आवाज आला तिथं टेकून उभी राहायची. "इथं काहीतरी गरम लागून राहिलं हो," असं म्हणायची. प्रेमसिंग बघायचा, तर पंख्याचा पट्टा फाटायला आलेला. एकदा पाण्याची नळी. एकदा सैल झालेला चाकाचा नट. तो दुरुस्त करायचा, आणि बायकोचं पोट नाजूक आहे अशी सगळ्या रस्त्यावर ख्याती झाली. प्रवासी बायका तिला लिंबू द्यायच्या. एकीनं तर दुसरं लेकरू आहे का म्हणून विचारलं. पन्नाशीच्या बाईला! पारुबाईनं तेही गिळलं.

अशी दोन वर्षं निभावली, आणि मग दोन हजार चारचा पोळा आला.

त्या वर्षी श्रावणात ओढ्याला नेहमीपेक्षा जास्त पाणी होतं, गढूळ, वर झाडांचा पाला वाहत आलेला. प्रेमसिंग सकाळीच एका आजारी माणसाला सेनगावला पोहोचवून आला होता. सणाचा नियम मोडला होता, पण माणसाच्या जिवापुढं नियम कुठला? परत आला तो थेट ओढ्यात. बैल आत होतेच. तांड्यावरची माणसं ओरडली, "आनखी खोल, आनखी खोल, तिची पाठ बुडू दे!" गरम झालेली जीप पार मागच्या सीटपर्यंत थंड पाण्यात गेली. पारुबाईनं स्वतः लोट्यानं तिच्यावर पाणी घातलं. बैल न्हातात, माणसं न्हातात, मग हिनं का न्हाऊ नये, असा सगळ्यांचा साधा हिशेब होता. तो बैलासाठी बरोबर होता.

पंधरवड्यानंतरची गोष्ट. सकाळी जीप गोरेगावहून भरून निघाली. मागं पुसेगावची म्हातारी, दोन मास्तर, एक लेकुरवाळी बाई आणि आणखी काहीजण. पुढं टोपली मांडीवर घेतलेली पारुबाई. पहिल्या थांब्यावर प्रेमसिंगानं ब्रेक दाबला, एक माणूस चढला, जीप पुढं निघाली. मागून म्हातारी म्हणाली, "आज सून शहाणी झाली वाटतं, बोंबलली न्हाई."

सगळे हसले. पारुबाई हसली नाही. इतक्या वर्षांत तो 'चीं' एकदाही चुकला नव्हता, पावसात नाही, उन्हात नाही. रानातल्या झाडाखाली घंटा थांबल्यावर व्हायचं तसंच तिला झालं. पुढं उतार होता. लांब, वळणाचा, आणि खाली अरुंद पूल.

"आवो, थांबवा. मळमळून राहिलं."

"उतार उतरून थांबतो," प्रेमसिंग म्हणाला.

"आताच थांबवा."

"पारू, उतारावर गाडी उभी करत असतात का? पूल झाला की लिंबाखाली थांबतो. धर दम."

जीप उताराच्या तोंडाशी आली. पारुबाईनं एकदा मागं पाहिलं. लेकुरवाळीच्या मांडीवर पोरगं झोपलं होतं. दोन वर्षं जे झाकलं ते आता सगळ्यांसमोर उघडं करायचं, दोन मास्तरांसमोर, गावभर तोंड असलेल्या म्हातारीसमोर. नवऱ्याची इभ्रत एका बाजूला आणि एवढी माणसं दुसऱ्या बाजूला. विचार करायला वेळही नव्हता.

"डावं चाक वाजलं न्हाई!" ती ओरडली. "दाबला तवा वाजलं न्हाई! तुमाला आयकू येत न्हाई, मला येतं. मला समदं म्हाईत हाये, डॉक्टर काय म्हणला तेबी. थांबवा म्हणते नं!"

प्रेमसिंगानं तिच्याकडं पाहिलं, फक्त एकदा. मग त्यानं गिअर खाली घेतला, जीप कडेच्या मातीवर घातली, हातब्रेक ओढला. गाडी उजवीकडं ओढत, अंग वाकडं करत थांबली. तो खाली उतरला. मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूनं पांढरट चिकट तेल ओघळत होतं. त्यानं बोट लावलं, हुंगलं, आणि चाकाला दगड लावला. "उतरा समदे," तो म्हणाला. "मागून दुसरी जीप येईल."

म्हातारी उतरताना पारुबाईच्या डोक्यावर हात ठेवून गेली.

निरोप मिळाला तसा अमृतराव सायकलवर सामान घेऊन तिथंच आला. चाक काढलं, आतला ड्रम उघडला, तर ब्रेकचे पट्टे तेलात न्हालेले. मग त्यानं मागच्या दोन चाकांच्या मधल्या लोखंडी गोळ्याचा बूच फिरवला. आतून तेलाऐवजी ताकासारखं पांढरं पाणी आलं.

"ओढ्यात घातली का हिला?" त्यानं विचारलं.

प्रेमसिंगानं मान डोलावली.

"गरम असताना?" अमृतरावनं कपाळावर हात मारला. "अरे भाऊ, ह्या गोळ्याला श्वास घ्यायला वर बारीक छिद्र असतं. गरम गोळा थंड पान्यात गेला की तो आत पानी ओढून घेतो. मग तुमच्या ओढ्याचा गाळ त्या छिद्रात बसला. आता गोळा तापला की आतली वाफ जाईल कुठं? तेल ढकललं चाकाकडं. ब्रेक तेलानं भिजला म्हणून वाजंना. ह्या उतारावर तुमी चार वेळा ब्रेक मारला असता न, पाचव्याला काही हाती लागलं नसतं." मग तो पारुबाईकडं वळला. "वहिनी, तुमाला कसं कळलं?"

"वाजायचं थांबलं नं," पारुबाई म्हणाली. तिला यात सांगण्यासारखं काही वाटलं नाही.

जीप तीन-चार दिवस गॅरेजात होती. ते दिवस पारुबाईला फार जड गेले. प्रेमसिंग तिच्याशी बोलत नव्हता. तिनं वाढलेली भाकरी खायचा, दुसरी मागायचा नाही. आपण त्याला सगळ्यांसमोर उघडं पाडलं, आता तो स्टँडवर मान वर करून उभा राहायचा नाही, जीप मोडीत जाईल आणि माणूसही मोडीत जाईल, असं तिला वाटत राहिलं. तिनं पद्माबाईजवळ मन मोकळं केलं. पद्माबाई म्हणाली, "वहिनी, माणूस जिवंत हाये म्हणून रुसून राहिला. रुसू द्या." पारुबाईला ते पटलं, तरी रडू आलंच.

जीप नीट होऊन आली त्या सकाळी प्रेमसिंगानं इंजिन सुरू केलं. पेचकस घेतला, इंजिनाला टेकवला. नेहमीसारखा कान लावायला वाकला, आणि मध्येच थांबला. मग त्यानं पेचकसाची मूठ पारुबाईपुढं धरली.

"आयक," तो म्हणाला. "काय म्हणून राहिली सांग."

त्या दिवसापासून हा नेम पडला. सकाळी ती ऐकायची, तो बघायचा. तिला भागांची नावं येत नव्हती, ती आपल्या भाषेत सांगायची. "उजवीकडं कुणीतरी दळण दळून राहिलं." "खाली पैंजण सुटल्यावानी वाजतंय." प्रेमसिंग बरोबर त्या जागी हात घालायचा. टोपली घरी राहिली, मळमळ बंद झाली. स्टँडवर कुणी हसलं तर प्रेमसिंग स्वतःच म्हणायचा, "माझे कान शेजारच्या सीटवर बसतात." रणजीत दिवाळीला आला, त्यालाही त्यानं सगळं सांगून टाकलं. रणजीतनं बापाकडं पाहिलं, आईकडं पाहिलं, आणि भंगारवाल्याचा विषय काढला नाही. जातानाचा प्रवास त्यानं जीपनंच केला. पुसेगावच्या म्हातारीनं तर ही कथा मीठ-मसाला लावून अख्ख्या तालुक्यात नेली. 'पारुबाईची जीप' हे नाव तिनंच दिलेलं.

पण उताराबद्दल प्रेमसिंग एक शब्द बोलला नव्हता. चांगलं नाही, वाईट नाही. पारुबाईनंही विचारलं नाही. एवढ्या वर्षांत त्याच्याकडून शब्दांची अपेक्षा करायची नाही हे ती शिकली होती. माणूस गाडीवर आहे, गाडी रस्त्यावर आहे, तिला तेवढं पुरे होतं. खरंच पुरे होतं.

पुढच्या वर्षीची खांदमळणी आली. सूर्य कलला होता. प्रेमसिंगानं बैलांचे खांदे मळले. मग ग्रीसगन घेऊन जीपखाली गेला. गोळ्याच्या वरचं ते बारीक छिद्र त्यानं आधी तारेनं साफ केलं, मग सगळीकडं ग्रीस भरलं. जीप आता ओढ्यावर जाणार नव्हती, अंगणातच फडक्यानं पुसली जाणार होती. बाहेर येऊन त्यानं हात राखेनं घासून धुतले. पारुबाई हळदीचं बोट बॉनेटला लावत होती.

"थांब," तो म्हणाला. "अजून एक राहिलं."

"कोणतं? दोन्ही बैलांचं झालं नं?"

त्यानं वाटीत उरलेलं लोणी घेतलं, त्यात हळद कालवली. मग तिच्यासमोर उभा राहिला आणि तिच्या डोक्यावरचा पदर थोडा मागं सारला. ती म्हणाली, "आवो, काय करून राहिलात, लोक बघतील." त्यानं ऐकलं नाही, की त्याला ऐकू आलं नाही, कोण जाणे. खरबरीत बोटांनी त्यानं आधी तिचा डावा कान मळला, मग उजवा, हलक्या हातानं, पाळीपासून वरपर्यंत. वर्षभर ज्यानं भार ओढला त्याचा त्या संध्याकाळी मान असतो.

मग तो तिच्या कानाशी वाकला, आणि बारीक आवाज आपल्याला ऐकू येत नाहीत हे विसरून, अगदी हळू म्हणाला, "आज आवतन घ्या. उद्या जेवायला या."

पारुबाईनं ते ऐकलं.